लाऊडस्पीकरवरचं नाव

१२ डिसेंबर, शुक्रवार

ही डायरी भूमिकेनं आणून दिली. म्हणाली, "बाबा, डॉक्टर काय म्हणतात ते लिहून ठेवत जा. तुम्ही ऐकता एक अन् सांगता भलतंच." बँकेत उभी हयात काढली, शाखाधिकारी म्हणून निवृत्त झालो, आणि आता पोटची पोरगी मला ऐकायला शिकवते. असो. तीही थकली आहे. सासर सांभाळून रोज इकडे येते.

तर लिहितो. धंतोलीचे डॉक्टर म्हणाले, माझ्या बायकोच्या, प्रेमिलाच्या स्वादुपिंडात गाठ आहे आणि ती यकृतापर्यंत पोचली आहे. ऑपरेशनला अर्थ नाही. मी विचारलं, किती दिवस? त्यांनी पेनाला टोपण लावलं. म्हणाले, "काका, उन्हाळ्याचं काही ठरवू नका."

बाहेर बाकावर प्रेमिला वणीकडच्या एका बाईशी बोलत होती. "तुमचा पेशंट कोण आहे?" असं त्या बाईलाच विचारत होती. मी तिला सांगितलं की कावीळ आहे, औषधानं उतरेल. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "तुम्ही म्हणता तर उतरन."

मला भीती वाटते आहे. सकाळचा चहा कोण करेल ही भीती नव्हे. तीही आहे, खोटं कशाला लिहू.

१७ डिसेंबर, बुधवार

धम्मानंद आला होता. कॉलेजातला माझा सोबती, पुढे तिथंच प्राध्यापक झाला, आता माजी विद्यार्थ्यांच्या समितीवर आहे. दारातूनच ओरडला, "चंपत, वहिनी कुठं आहे गा? तिच्याकडे काम आहे, तुह्याकडे नाही."

आमचं कॉलेज घरामागच्या दोन गल्ल्या सोडून. त्याला पंचाहत्तर वर्षं होतात म्हणून अठरा जानेवारीला मैदानावर मोठा कार्यक्रम आहे. आजवरच्या सगळ्या सुवर्णपदकवाल्यांना काळा गाऊन घालून स्टेजवर बोलावणार आणि त्यांचंच जुनं पदक पुन्हा गळ्यात घालणार. प्रेमिला बी.ए.ला मराठीत पहिली आली होती, ब्याऐंशी साली. पत्रिका तिनं हातात घेतली, दोन्ही बाजूंनी पाहिली.

"मी जायचं स्टेजवर?"

"मंग काय मी जाऊ?" धम्मानंद म्हणाला.

ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसली. "जाईन," म्हणाली. "माह्यं काहीही होवो, मी जाईन."

मग साहजिकच त्र्याऐंशीच्या पदवीदान समारंभाची गोष्ट निघाली. ती मीच काढली. पाहुणा आला आणि मी ती सांगितली नाही असं या घरात घडलेलं नाही. आमचं लग्न ब्याऐंशीच्या मे महिन्यात झालं, आणि पदवी आम्हा दोघांना एकाच समारंभात मिळायची होती, कारण माझं एक वर्ष टायफॉइडनं खाल्लं होतं. पण समारंभाची तारीख आली ती नेमकी आमच्याकडच्या हळदीकुंकवाची. सुनेची पहिली संक्रांत! आईनं सगळ्या गल्लीला बोलावणं केलेलं, काळी चंद्रकळा आणलेली. धरमपेठेतल्या शेजारणींच्या घरी पाहून हलव्याचे दागिनेही करून घेतलेले, हार, बांगड्या, बाजूबंद, सगळे साखरेचे. आई म्हणाली, "कागदच तर आणायचा आहे. तूच आण दोघांचे." त्यात चूक काय होती? घरभर बाया आणि सून स्टेजवर, हे दिसलं कसं असतं?

म्हणून मी गेलो. ऑफिसातल्या बाबूनं तिचं संमतीपत्र मागितलं. मी तिथंच कागद घेतला, लिहिलं आणि तिची सहीही मीच ठोकली. फाटकाशी एक फोटोवाला गाऊन-टोपी घेऊन बसला होता. तो म्हणाला, "साहेब, पदक घाला ना, शोभून दिसते." घातलं. तोच फोटो बैठकीत लावलेला आहे. येणाऱ्याला वाटतं पदक माझंच. आता प्रत्येकाला कुठे सांगत बसायचं? घरातलंच तर पदक.

घरी आलो तेव्हा ती दागिने उतरवत होती. मी सांगितलं, "तुझं नाव पुकारलं तेव्हा टाळ्या थांबत नव्हत्या." ती म्हणाली, "हो का?" गोष्ट इथं संपते आणि लोक हसतात. धम्मानंद मात्र आज कपात पाहत बसला होता. चहा गार झाला असावा.

२७ डिसेंबर, शनिवार

चार दिवस धंतोलीच्या दवाखान्यातच आहोत. पोटात पाणी भरलं होतं, ते काढलं. बाटलीत लिंबाच्या सरबतासारखं दिसत होतं. मला बाहेर जाऊन बसावं लागलं. ती नव्हती घाबरली.

काल मला म्हणाली, "माह्यं पदक आणा ना. पाहावंसं वाटून राहिलं." आता दवाखान्यात सोन्याची वस्तू आणायची म्हणजे काय! मुलामा असला तरी चोराला कुठं ठाऊक असतो? मी डोकं चालवलं. बैठकीतला फोटो काढला, पेपरात गुंडाळून रिक्षानं आणला. त्यात पदकही दिसतं आणि मीही. एका दगडात दोन पक्षी. तिच्या पलंगासमोरच्या टेबलावर, कूस वळवली की दिसेल असा ठेवला.

सरिता नावाची नर्स आहे, बुटीबोरीहून येते, फार गोड पोरगी. ती म्हणाली, "काका, तुम्ही गोल्ड मेडलिस्ट आहे का?" मी हसलो. काही सांगणार इतक्यात प्रेमिलाच म्हणाली, "हो. तेच आहेत." आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. औषधानं ग्लानी येते तिला.

५ जानेवारी, सोमवार

घरी आणलं. बैठकीमागच्या खोलीत तिचा पलंग टाकला आहे. खोली मोठी आहे आणि खिडकीतून सकाळचं ऊन येतं. ती आता पावशेर राहिली आहे. भूमिकेनं आणि मी मिळून तिला उचललं तेव्हा जोर लागलाच नाही. मला लागला असता तर बरं वाटलं असतं.

निघताना मी डॉक्टरांना एकट्यानं गाठून विचारलं, अठरा तारखेला तिला तासभर कार्यक्रमाला नेता येईल का? मला वाटलं ते रागावतील. ते म्हणाले, "न्या ना काका. चाकाच्या खुर्चीवर न्या, शाल गुंडाळा. आता त्यांच्या मनाला येईल ते करू द्या."

डॉक्टरला काय जातं बोलायला? जानेवारीची थंडी, उघडं मैदान, धूळ, गर्दी. तिथं काही झालं तर? लोकांसमोर? तिची हनुवटी आता कशी दिसते हे मलाच पाहवत नाही. ज्यांनी तिला वर्गात मान ताठ ठेवून बसलेली पाहिली, त्यांनी तिला अशी पाहावी? मी रिक्षातच ठरवलं. घरी आल्यावर दोघींना सांगितलं, डॉक्टर नाही म्हणाले.

भूमिकेनं तोवर सगळी तयारी करून ठेवली होती. चाकांची खुर्ची भाड्यानं सांगून ठेवलेली, मोतिया साडी इस्त्री केलेली, ब्लाउज शिंप्याकडून दोन्ही बाजूंनी आत घेऊन आणलेलं. तिनं ते घडी करून परत कपाटात ठेवलं. प्रेमिला इतकंच म्हणाली, "बरं."

फार समजूतदार बाई. आजवर हट्ट असा तिनं केलाच नाही.

१० जानेवारी, शनिवार

दोन चमचे भाताची पेज. तीही राहिली नाही.

१४ जानेवारी, बुधवार. संक्रांत.

भूमिका तिळगूळ घेऊन आली. तिनं आईच्या ओठाला तिळाचा दाणा लावला. प्रेमिला तो जिभेवर धरून बसली, गिळला नाही.

दुपारी तिला जरा हुशारी होती. मी म्हटलं, "आठवते का, आपली पहिली संक्रांत?" मला वाटलं तेवढंच तिला बरं वाटेल. ती बोलू लागली. हळूहळू बोलत होती, मध्ये थांबत होती. भूमिका पाय दाबत होती.

"ते दागिने हाताले चिकटून राहिले होते," ती म्हणाली. "उन्हानं साखर पाघळली. मुंग्या आल्या होत्या. सासूबाई म्हणे, हात हलवू नको वं, तुटन."

मी हसलो. भूमिका हसली नाही.

"याच खोलीत तर बाया बसल्या होत्या. मी वाण देत होती. तिकडं मैदानावर भोंगा लागला होता. एकेक नाव येऊन राहिलं होतं. माह्यं नाव आलं."

मी म्हटलं, "इथं कुठं ऐकू येते? वारा उलटा असते."

"आलं," ती म्हणाली. "दोनदा घेतलं. मंग म्हणे, गैरहजर. अन् दुसरं नाव घेतलं."

मग भूमिकेनं विचारलं, "आई, मंग तू काय केलं?"

"काय करन? चंदनखेडेबाईच्या ओटीत तीळ टाकत होती, ते टाकले."

मला हे ठाऊकच नव्हतं. टाळ्यांचं मी तिला सांगितलं ते तिला बरं वाटावं म्हणून. त्यात कुणाचं काही नुकसान झालं का? आणि ऐकलं होतं तर तेव्हाच म्हणायचं होतं, तुम्ही खोटं सांगता म्हणून. मी माझी गोष्ट इतकी वर्षं इतक्या लोकांसमोर सांगितली, ही समोर बसून पोहे वाढत राहिली, एका शब्दानं बोलली नाही. बायकांच्या मनाचा थांग लागत नाही म्हणतात ते काही खोटं नाही.

पण एक बरं झालं. या खोलीत लाऊडस्पीकर ऐकू येतो हे कळलं. त्यावरून मला एक सुचलं आहे. कोणाला सांगत नाही.

१६ जानेवारी, शुक्रवार

धम्मानंदचा फोन आला. प्रेमिला येऊ शकत नाही हे भूमिकेनं त्याला कळवलं होतं. म्हणाला, "हरकत नाही गा. तिकडचं आटोपलं की आम्ही सगळे घरी येतो. गाऊन आणतो. पलंगावरच पदक घालू, टाळ्या वाजवू, पाच मिनिटात निघू."

मी नको म्हटलं. घरात औषधांचा वास, पलंगाखाली भांडं, तिचे केस असे. लोक काय पाहून जातील? त्यापेक्षा मी असं करतो, म्हटलं, तिच्या वतीनं मीच येतो. तो म्हणाला, "वहिनीले विचारलं का?" आता हे विचारायचं असतं का? नवरा-बायकोत वेगळं काय असतं?

तरी विचारलं. रात्री औषध देताना म्हटलं, "तुझ्या वतीनं मी जाऊ ना?" ती म्हणाली, "जा." डोळे मिटलेलेच होते.

१८ जानेवारी, रविवार

आज ठरल्याप्रमाणे सगळं केलं. सकाळी दाढी केली, कोट काढला. शोकेसमधलं पदक रुमालात बांधून घेतलं. निघताना तिच्या खोलीची खिडकी सताड उघडली आणि पलंग थोडा तिकडे सरकवला. भूमिकेला म्हटलं, "खिडकी उघडीच ठेव. तुझ्या आईला इथूनच सगळं ऐकू येईल, पाहाच तू." हेच मला सुचलं होतं. तिच्या घरात कार्यक्रम आला नाही तरी कानात तर येईल.

मंडप चांगला होता. गाऊन सगळ्यांचे एकाच मापाचे, माझा पायात येत होता. ओळखीचे चेहरे फार कमी. मुलांना आम्ही कोण हे ठाऊक नव्हतं, तरी टाळ्या वाजवत होती. मग माईकवर आलं, "एकोणीसशे ब्याऐंशी, मराठी, प्रेमिला बोरकर." माहेरचं नाव. मी उठलो. थोडा हशा झाला. कोणीतरी खुलासा केला की यजमान आले आहेत. प्राचार्यांनी पदक माझ्या गळ्यात घातलं. मला दोन शब्द बोलायला सांगितलं नव्हतं, पण माईक हाताशी होता. म्हटलं ती ऐकते आहे. मी बोललो. त्र्याऐंशीची गोष्ट सांगितली, संक्रांत, संमतीपत्र, फोटोवाला, सगळी. टाळ्यांपर्यंत आलो. लोक हसले. यावेळी टाळ्या खरंच पडल्या.

धम्मानंद खाली पहिल्या रांगेत होता. उतरताना माझा हात धरला. "आम्हाले घरी येऊ द्यायचं होतं, चंपत," एवढंच म्हणाला. जेवायला थांबला नाही.

घरी आलो तो खिडकी बंद. मी चिडलो. भूमिका बाहेर ओट्यावर बसली होती.

"ऐकलं का तिनं?"

"नाव आलं तेव्हा आईनं डोळे उघडले," भूमिका म्हणाली. "मंग तुमचा आवाज आला. ती म्हणे, खिडकी लावून घे वं."

थंडी वाजली असेल. वाराही होता आज. मी पदक तिच्या उशाशी ठेवलं. तिनं त्याला हात लावला नाही, पण हातात आता बळच कुठं आहे.

१९ जानेवारी, सोमवार

दुखणं फार वाढलं. कण्हतसुद्धा नाही, नुसते दात आवळते. भूमिकेनं डॉक्टरांना फोन लावला, दुखणं कमी करणारी, अंगावर चिकटवायची औषधाची पट्टी लिहून द्या म्हणून. बोलता बोलता तिनं माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "नाही, नेलं नाही." फोन ठेवून माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"बाबा, डॉक्टर हो म्हणाले होते?"

मी म्हटलं, "मी तिच्या भल्यासाठीच..."

ती ओरडली असती तर मी उत्तर दिलं असतं. माझ्याजवळ उत्तरं होती. थंडी, धूळ, लोक. पण ती आत गेली आणि आईच्या पायाशी बसली. आईला सांगितलं की नाही कोण जाणे. मी दारातून पाहिलं. प्रेमिला छताकडे पाहत होती. मला वाटतं तिला आधीच ठाऊक होतं. पाच तारखेला ती ज्या प्रकारे "बरं" म्हणाली होती, त्यावरून वाटतं. दिवसभर मी त्या खोलीत गेलो नाही. दोनदा उंबऱ्यापर्यंत गेलो.

२० जानेवारी, मंगळवार

पहाटे गेली. भूमिका जवळ होती. मी चहा ठेवत होतो, पहिल्यांदाच. साखर सापडत नव्हती म्हणून तिला विचारायला आलो.

२६ जानेवारी, सोमवार

सहा दिवस काही लिहिलं नाही. पेपरात द्यायला तिचा फोटो हवा होता. सगळे अल्बम काढले. कुठं ती वाढते आहे, कुठं पोरीला कडेवर घेऊन अर्धी चौकटीबाहेर. तिचा एकटीचा नीट फोटो एकच निघाला, त्या संक्रांतीचा. काळी साडी, अंगभर साखर. तोच मोठा करून आणला. लावायला बैठकीत जागा नव्हती, म्हणून भूमिकेनं मला न विचारता माझा फोटो उतरवला आणि त्याच खिळ्याला तिचा लावला. माझा कुठं ठेवला ते मी विचारलं नाही. हार घातला, आणि हारावरून पदक. ते फोटोच्या काचेवर लोंबतं, वाऱ्यानं थोडं वाजतं. भूमिका सकाळी तिच्या घरी गेली. जाताना म्हणाली, "येते." एवढंच.

घर इतकं मोठं आहे हे मला माहीत नव्हतं.

तिच्या खोलीत औषधांचा वास कोंडला होता. खिडकी अठरा तारखेपासून लावलेलीच होती. आज मी ती उघडली आणि पलंगाच्या कडेवर बसलो. मैदानावर झेंडावंदन आटोपलं होतं, बक्षिसं सुरू होती. वारा उलटा असतो असं मी जन्मभर समजत होतो. उलटा नव्हता. खोलीत कुणी माझ्या बाजूला बसून बोलावं तसा एकेक शब्द येत होता. नाव, आडनाव, वर्ग. टाळ्या. पुढचं नाव. टाळ्या.

मग एका मुलीचं नाव आलं. माईकवाला थांबला. त्यानं ते पुन्हा घेतलं. कुणीतरी उठावं, धावत जावं, आले म्हणून ओरडावं, असं मला इतकं वाटलं की मीच अर्धा उठलो.

"गैरहजर," तो म्हणाला, आणि पुढचं नाव घेतलं.

मी खिडकी लावून घेतली.